मनोरमाबाईंचा मुंबईचा जावई

मनोरमाबाईंना कुणी नमस्कार केला, की त्या नमस्कार घेत नसत, हात घेत. जोडलेले हात पकडून उलटे करायच्या, नखं उजेडाकडे वळवायच्या आणि चष्मा कपाळावर सारून निरखून बघायच्या. तेवढ्याने समाधान झालं नाही तर अंगठ्याने समोरच्याची खालची पापणी ओढायच्या. "हं. फिकी आहे," असं काहीतरी स्वतःशीच म्हणायच्या आणि हे सगळं उरकल्यावर मग विचारायच्या, "कशी आहेस गं?" डहाणू गावातल्या बायका त्या लांबून दिसल्या तरी हात पदराखाली घेत.

मी त्यांच्या हाताखाली परिचारिका म्हणून आले ती एकोणीसशे पन्नासचं दशक संपता संपता. खाडीच्या बाजूला एका ट्रस्टचं मोजक्या खाटांचं, कौलारू इस्पितळ होतं, आणि मनोरमाबाई तिथल्या एकुलत्या एक डॉक्टर. बुटक्या, गोलसर, पांढऱ्या पातळातल्या. अख्ख्या तालुक्याच्या श्वासावर त्यांचं लक्ष असे, पण स्वतःचा श्वास इस्पितळाच्या पायऱ्या चढताना संपायचा. मग त्या वरच्या पायरीवर थांबून समुद्र बघत असल्याचं सोंग करीत. तिथून समुद्र दिसत नव्हता. समोर आमचं धुणं वाळत असे.

त्यांचं घर किनाऱ्यालगतच्या बागायतदारांपैकी. चिकूच्या वाड्या, भातशेती, भाजीचे मळे, सगळं होतं. त्या घरात जन्मून या मुंबईला जाऊन डॉक्टर का झाल्या, लग्न का केलं नाही, हे मला ठाऊक नाही. विचारायला गेले असते तर त्यांनी माझीच पापणी ओढली असती.

एकदा कैनाडला त्यांच्या नात्यातलं लग्न होतं. मलाही बरोबर नेलं. नवरी हळदीने माखलेली, त्यामुळे नखांचा रंग काही कळेना. बाईंनी सरळ पापणी ओढली. काजळ गालावर उतरलं. वरमाय शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मुलगी आम्ही पसंत केली आहे, डॉक्टरीणबाई. आता पुन्हा कसली पाहणी?"

"तुम्ही रंग बघितलात," बाई म्हणाल्या, "मी रक्त बघते आहे. हिच्यात नाही."

नवरीची आई रडायच्या बेतात आली. बाईंना आपलं काय चुकलं तेच कळेना. त्यांनी आहेर म्हणून पिशवीतून लोहाच्या औषधाची बाटली काढली आणि वरमायेच्या हातात ठेवून म्हणाल्या, "रोज जेवणानंतर एक चमचा. तुम्ही समोर उभं राहून द्या." वरमायेने ती बाटली मेलेला उंदीर धरावा तशी धरली. पण दिली बरं का तिने! पुढे ती मुलगी आमच्याकडेच बाळंत झाली, सुखरूप. तेव्हा हीच सासू दारातून आत आली ती दोन्ही हात पुढे करून. "आधी माझी बघा," म्हणाली.

रक्त आणि हवा या दोन गोष्टींचं बाईंना वेडच होतं. आमच्याकडे ऑक्सिजनचा नळा, म्हणजे लोखंडी सिलिंडर, मुंबईहून रेल्वेने पार्सलात येई. स्टेशनात तो उतरला की बाई स्वतः घ्यायला जात. हमालांनी आपटू नये म्हणून बैलगाडीत गवत पसरून ठेवत, वर घोंगडी घालत आणि गाडीवानाला सांगत, "सांभाळून रे. मुंबईचा जावई आहे." तेव्हापासून इस्पितळात नळ्याला कुणी नळा म्हणेना. जावई आला, जावई संपत आला, जावयाच्या जवळ विडी ओढू नका. या शेवटच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. एकदा एका रोग्याच्या मामाने जावयाशेजारी बसून विडी पेटवायला काडी काढली. बाईंनी केरसुणी घेतली आणि मामाला पार रस्त्यापर्यंत पोचवलं. परत आल्या त्या धापा टाकत, आणि वरच्या पायरीवर बराच वेळ समुद्र बघत राहिल्या.

पण जावयाला लोक घाबरत. पूर्वी नळी लावायची ती माणूस अगदी शेवटाला टेकला की, त्यामुळे नळी लावली म्हणजे माणूस जातो असा समज पसरलेला. खाडीपलीकडच्या धाकटी डहाणूच्या एका कोळणीने नातवाच्या नाकातली नळी दोनदा ओढून काढली. बाईंनी तिला समजावलं, रागावून पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी मला जावई व्हरांड्यात आणायला लावला. आपल्याच नाकात नळी घातली, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सुरू केले आणि सगळ्या नातेवाइकांसमोर खुर्चीवर बसून चिकू खाऊ लागल्या. एक झाला, दुसरा झाला. मधून मधून बिया थुंकत त्या व्याख्यान देत होत्या.

म्हातारी समोर उकिडवी बसून बघत होती. मग म्हणाली, "बाय, नळी लावली तरी तुझा तोंड बंद नाय?"

सगळे हसले. पण म्हातारी उठली, आत गेली आणि नातवाला म्हणाली, "लावून घे रे. काय होत नाय."

जावयाचे सगळ्यात मोठे चाहते मात्र बाईंचे सख्खे काका, अप्पाकाका. ट्रस्टचे प्रमुख. इस्पितळाची जागा त्यांनी दिलेली, आणि ते कुणाला विसरू देत नसत. त्यांना अधूनमधून दमा उठे, अगदी बेताचा. पण एकदा ऑक्सिजन घेतल्यावर त्यांना ती चटकच लागली. आठवड्यातून एकदा टांगा करून येत, चांगल्यातली चांगली खाट धरून पडत आणि नळी लावून घेत. "मनू, याने डोकं कसं साफ होतं बघ," म्हणत. बाई मला बाजूला घेऊन कुजबुजायच्या, "कॉक अगदी थोडा उघड. बुडबुडे दिसले म्हणजे झालं. त्यांना आवाजच हवा असतो."

अशाच एका दिवशी अप्पाकाका सकाळपासून जावयापाशी पडले होते. शिल्लक नळा तेवढा एकच. दुसरा पुढच्या गाडीने यायचा होता. दुपारी फाटकाशी गवताचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर छगनभाई हे वलसाडकडचे. तलासरीच्या डोंगरातून चार माणसांनी एका वारली बाईला खाटेवर घालून चारोटीच्या नाक्यापर्यंत आणलं होतं. तिथे तिला कुणी गाडीत घेईना. छगनभाईंनी अर्धं गवत रस्त्याच्या कडेला उतरवून तिला वर घेतलं होतं.

तिचं नाव सोनी. घरी बाळंत झाली होती, बाळ मागे घरीच होतं. वारेचा तुकडा आत राहिला होता, रक्त जात राहिलं होतं आणि त्याचं विष रक्तात भिनलं होतं. आम्ही त्याला नुसतं सेप्टिक म्हणत असू. ताप भडकलेला, अंग थडथड उडत होतं, पाय थंडगार. नवरा रूपजी तिचं डोकं मांडीवर घेऊन ट्रकात बसला होता. बाईंनी पायरीवरूनच तिचा हात उचलला आणि नखं बघितली. जांभळाच्या रंगाची. त्या तडक आत गेल्या आणि अप्पाकाकांच्या नाकातली नळी काढली.

"मनू! काय करतेस?"

"काका, नखं दाखवा."

"नखं?"

"गुलाबी आहेत. नवरदेवासारखी. उठा."

"अगं, मी या संस्थेचा..."

"म्हणूनच सांगते, उठा. तुमची आहे तर तुम्हीच आधी खाट द्या."

अप्पाकाका उठले. असा अपमान त्यांचा जन्मात झाला नसावा. उपरणं झटकून ते व्हरांड्यात गेले, तर टांगा संध्याकाळी ये म्हणून त्यांनीच परत पाठवलेला! रागारागाने निघून जाण्याचीसुद्धा सोय राहिली नव्हती. ते बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले.

सोनीला नळी लावली. नखं होती तशीच. मी कॉक आणखी उघडला. बाटलीत पाणी उसळू लागलं. नखं तशीच.

"सिंधू, पुरे," बाई म्हणाल्या. "माल कितीही आण गं, वाहून न्यायला गाड्या कुठे आहेत? हिचं रक्त बघ. पाणी झालंय. छातीपर्यंत हवा पोचते आहे, पुढे कोण नेणार? आणि बैल बघ." त्यांनी माझी बोटं सोनीच्या नाडीवर ठेवली. नाडी मोजता येऊ नये इतकी पळत होती, आणि धाग्याएवढी बारीक. "रिकाम्या गाड्या ओढून बैल मरायला आलाय."

म्हणजे रक्त हवं. रूपजी लगेच बाही वर करून उभा राहिला. भीतीने त्याचे ओठ सुकले होते, पण हात मागे घेतला नाही. बाईंनी काचेच्या पट्टीवर थेंब मिसळून बघितले. जुळेना. माझं जुळेना, बाईंचं स्वतःचंही जुळेना. व्हरांड्याच्या कडेला छगनभाई चहा पीत उभे होते. आडवे, दणकट, मनगटं उखळाएवढी. बाईंनी त्यांचा हात धरला आणि सवयीप्रमाणे उलटा केला. नखं अशी लाल, की बाईंच्या तोंडून "अहाहा!" निघालं.

छगनभाई म्हणाले, "बेन, लोही काढा ने, माझी ना नाही. पण मला बघायला नको लावा."

त्यांचं जुळलं. बाटली भरेपर्यंत ते डोळे मिटून देवाचं नाव घेत पडले होते. भरल्यावर कुणीतरी म्हणालं, "झालं बघा," आणि त्यांनी खरंच बघितलं. उठता उठता ते जे कोसळले, त्यांना उचलायला रूपजी, इस्पितळाचा गडी आणि मी, तिघं लागलो. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "कोणाला सांगू नका हां. चारोटीला माझी इज्जत आहे."

रक्त चढत असतानाच बाईंनी आतला तुकडा काढला. पेनिसिलिन टोचलं. पण सोनीचं अंग उडायचं थांबेना. मी तापावर उतारा म्हणून गार पाण्याच्या पट्ट्या आणल्या, तर बाई माझ्यावरच उखडल्या.

"गार नको! कोमट आण. गार लावलंस तर आणखी कुडकुडेल. कुडकुडणारा माणूस नुसता पडलेला नसतो गं, तो पडल्या पडल्या लावणी करत असतो. अख्खं शेत लावायला जेवढा श्वास लागतो तेवढा हिचा इथे खाटेवर खर्च होतोय. आपण एका दाराने देतोय, आणि ती दुसऱ्या दाराने उधळतेय."

पायाशी रूपजी उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाय, हिला सांगा ना, यंदाची लावणी मी करीन. एकटा करीन. ही नाय केली तं चालंल."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग सोनीच्या कानाशी वाकून खरंच सांगितलं, "ऐकलंस का? लावणी तो करणार आहे. तू पड निवांत."

खोलीतली गर्दी त्यांनी बाहेर काढली. "कसं वाटतं विचारू नका. उत्तर द्यायलाही श्वास लागतो." बरोबर आलेला म्हातारा भगत दाराशी खुळखुळा घेऊन बसला होता. त्यालाही घालवतील असं मला वाटलं. बाई त्याला म्हणाल्या, "बाबा, तुमचं चालू द्या, पण मनातल्या मनात. तिची झोप मोडली तर तुमचं आणि माझं, दोघांचं औषध फुकट." भगताने मान हलवली आणि खुळखुळा मांडीखाली ठेवला. ब्लँकेट, पायाशी गरम पाण्याची पिशवी, कपाळावर कोमट पट्टी. हळूहळू थडथड कमी झाली. मग थांबली.

उन्हं कलताना बाईंनी तिचा हात खिडकीपाशी नेला. मी वाकून बघितलं. नखांच्या मुळाशी फिकटसा गुलाबी रंग आला होता, कुणी सांगितल्याशिवाय दिसू नये इतका. बाई चष्मा पुसत राहिल्या.

व्हरांड्यासमोर टांगा येऊन उभा होता, पण अप्पाकाका गेले नव्हते. त्यांच्या बाकाशेजारी जमिनीवर रूपजी बसला होता. काका त्याला नाचणीबद्दल काहीबाही विचारत होते. मी बाहेर येताच त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "श्वास कसा आहे तिचा?"

"सुधारतोय, काका."

"हं. तुझ्या डॉक्टरला सांग, मी रागावलोय म्हणावं." आणि ते टांग्यात बसले.

सोनी काही आठवड्यांनी आपल्या पायाने चालत घरी गेली. काकांचा राग मात्र बराच टिकला. पुतणी समोर असली तरी ते माझ्यामार्फत बोलत. "तुझ्या डॉक्टरला सांग, कौलं गळताहेत." बाईही तितक्याच बेरकी. "तुझ्या ट्रस्टींना सांग, कौलं दुरुस्त करणं त्यांचं काम आहे." मी दोघांच्या मध्ये भिंतीसारखी उभी. पण नळी लावून घ्यायला काका पुन्हा कधी आले नाहीत, आणि त्यांचा दमा त्यामुळे तिळभरही वाढला नाही.

हे सगळं असंच हसत सांगत राहता आलं असतं. पण हिराजीबद्दल न सांगता मनोरमाबाई पुऱ्या होत नाहीत.

हिराजी धाकटी डहाणूचा. तरणाबांड, स्वतःची होडी असलेला. जाळं उपसताना शिंगाळा माशाचा काटा अंगठ्यात घुसला. त्याने तो उपटला, हळद लावली आणि पुन्हा समुद्रावर गेला. आमच्याकडे आला तेव्हा हात खांद्यापर्यंत सुजला होता. बाईंनी नखं बघितली, पापणी बघितली, आणि मला वाटतं त्यांना हायसं वाटलं. लालबुंद रक्ताचा माणूस. हातपाय गरम, नाडी दणकट. हात चिरून पू काढला, औषधं दिली, सलाइन लावलं, जावई लावला. ताप उतरवला, कुडकुड होऊ दिली नाही. सोनीच्या वेळी जे जे केलं होतं ते सगळं केलं, आणि सोनीपेक्षा किती तरी लवकर केलं.

तरी तो खालावत गेला. हवा भरपूर, रक्त भरपूर, नखं गुलाबी. पण माणूस बरळायला लागला, लघवी बंद झाली, रक्तदाब उतरत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. गेला तेव्हाही त्याची नखं गुलाबी होती.

त्याची बायको गंगू रडली नाही. तिने बाईंना विचारलं, "बाय, त्याला हवा कमी पडली का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "हवा होती."

"मग?"

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. बाईंना खाली बसणं जमत नसे, उठताना दोघांचा आधार लागे, पण बसल्या. नंतर माझ्याशी एकदाच बोलल्या. "सिंधू, माल होता. गाड्या होत्या, बैल धावत होता. दारापर्यंत सगळं पोचत होतं. घरातल्यांनी घेतलंच नाही. विष भिनलं की आतल्यांचे हात गळतात की काय होतं, मला कळत नाही." मुंबईहून एकदा त्यांचे जुने प्राध्यापक बोर्डीला हवापालटाला आले होते. बाई त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन आल्या. आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणाले, आम्हालाही कळत नाही. निदान खरं बोलले."

पुढे कितीतरी दिवस बाईंनी कुणाची नखं बघितली नाहीत. बायका सवयीने हात लपवत आणि बाई सरळ पुढे जात. त्याचंच गावाला वाईट वाटायला लागलं. एका कोळणीने तर बाजारात त्यांना अडवून आपणहून हात पुढे केला, तर बाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

मग एक दिवस त्यांनी टिंक्चरची बाटली, चिमटा आणि पट्ट्या पिशवीत भरल्या आणि होडीने खाडी ओलांडून धाकटी डहाणूला गेल्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमध्ये गंगूने त्यांना पाट टाकून दिला. "काटा लागला की त्याच दिवशी मला दाखवायचा," बाईंनी सगळ्यांना बजावलं. "उद्या नाही. हळद लावून नाही. आत काय होतं ते मला कळत नाही, म्हणून ते आत जाऊच द्यायचं नाही." कोळी हसले. एवढ्याशा काट्यासाठी डॉक्टर? पण गंगू एकेकाला दंडाला धरून आणू लागली. तिच्यापुढे हसायची कुणाची छाती नव्हती. त्यानंतर दर आठवड्याला बाईंची ती फेरी ठरून गेली. परत येताना पिशवीत बोंबील असत आणि सगळं इस्पितळ दोन दिवस त्या वासात न्हाऊन निघे.

साठच्या दशकात मला तलासरीच्या सरकारी दवाखान्यात नोकरी मिळाली. ज्या दिवशी मी निघणार होते तो नेमका बाईंच्या फेरीचा दिवस होता. मला वाटलं, आज त्या जाणार नाहीत. पण बाईंना असलं काही सुचत नसे. मीच माझी ट्रंक टांग्यात ठेवून खाडीच्या धक्क्यावर गेले.

होडी सुटली होती. मासे विकून परतणाऱ्या कोळणींनी भरलेली, आणि मधोमध बाई, मांडीवर पिशवी, डोक्यावर काळी छत्री. मला बघताच त्या उभ्या राहिल्या. हलत्या होडीत, छत्रीसकट.

"सिंधू! तिथल्या विहिरीचं पाणी उकळून पी! आणि ऐक, तुझा तो नवा डॉक्टर ऐकत नसेल ना, तर..."

पुढचं वाऱ्याने नेलं. होडी कलंडली, बायका ओरडल्या, नावाड्याने "बाय, बसा! बसा हो!" म्हणून हाका मारल्या आणि दोन कोळणींनी बाईंना कमरेला धरून खाली ओढलं. त्या धप्पकन एका टोपलीवर बसल्या. टोपली चेपली. आणि बाई हसल्या. तोंड उघडून, डोळे मिटून, सगळं अंग हलवत. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांच्याबरोबर सगळी होडी हसायला लागली. नावाडी वल्हं मारता मारता थांबला, आणि भरतीचं पाणी त्यांना हळूहळू पलीकडे घेऊन गेलं.